सुदाम मिस्त्रींची तिसरी बारी

आधी नाव सांगते, मग काय झालं ते. सुदाम मिस्त्री. पुणे-नाशिक रस्त्याला, कळंबच्या अलीकडे त्यांचं गॅरेज होतं. आज मी दूर दक्षिणेत, होसूरच्या बाजूला एका कारखान्यात विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या जोडते, माझ्या फोटोचं ओळखपत्र गळ्यात घालून गेटातून आत जाते, ते या माणसामुळे. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला इथे कुणी दारातही उभं केलं नसतं. हे पहिल्यांदा लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर मिस्त्री वाईट माणूस आहे असं तुम्हाला वाटेल. वाटलं तर चूक नाही. मलाही पुष्कळदा वाटलं.

माणूस दिसायला काडीसारखा. डोळ्यांना जाड काचा, कानांत केसांचे झुबके, आणि डाव्या हाताची करंगळी कुठल्यातरी फॅनबेल्टने नेलेली. ती गेली कशी हे कुणी विचारलं की म्हणायचे, "असल्याच चौकशा करणाऱ्याच्या नाकात अडकली." गिऱ्हाइकाला नावाने हाक मारायची नाही असा त्यांचा नेम होता. लंगडणाऱ्याला लंगड्या, टकल्याला टकल्या, आणि ज्याच्यात काही खोट सापडायची नाही त्याला त्याच्या गावाच्या नावाने. मी तळेघरची. भीमाशंकरच्या वाटेवरचं, भात-नाचणीचं गाव. म्हणून मी "ए तळेघर". चार वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही. त्यांना ते माहीत नसावं असंच मी धरून चालले होते.

मी त्यांच्याकडे लागले ती झाडलोटीला. नवऱ्याने टाकलं होतं, कळंबला मावशीकडे राहत होते, वय सव्वीस. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात उलटे-सुलटे करून बघितले, बैलाचे दात बघावेत तसे.

"बोटं बारीक हायेत. कार्बोरेटर धुशील?"

"म्हणजे काय मिस्त्री?"

"इंजिनाचं नरडं. त्यातनं हवा आन इंधन आत जातं. केसभर घाण राहिली तर गाडी खोकती. आन गाडी खोकली तर मी ओरडतो."

ते ओरडायचे नाहीत खरं तर. ओरडणं परवडलं असतं. ते हळू आवाजात, चार माणसं ऐकतील असं बोलायचे.

मिस्त्रींचं खरं काम दुरुस्तीचं नव्हतं. मंचर, नारायणगाव, जुन्नरपासून लोक त्यांच्याकडे जुन्या पेट्रोल गाड्या घेऊन यायचे आणि पळणाऱ्या करून न्यायचे. इंजिनाचं हेड तासायचं, आतला दाब वाढवायचा, हवेची वाट मोठी करायची. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं सुट्टीच्या दिवशी येऊन वही-पेन घेऊन बसायची. त्यांच्यातल्या एकाने एकदा सायलेन्सर कापून मागितला.

"कशापाई?"

"आवाज पाहिजे मिस्त्री."

"आवाज पाहिजे तर बापाच्या मयताला मोठ्यानं रड. गाडीला जोर पाहिजे आसंल तर बोल."

पोरगं हसलं. त्याचा बाप त्याच महिन्यात वारला होता हे मिस्त्रींना माहीत नव्हतं. शेजारच्याने सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना पुसला आणि म्हणाले, "मग तर जोरच लागंल त्याला." माफी त्यांनी मागितली नाही. पोराच्या गाडीचं काम मात्र स्वतः केलं, आणि पोरगं गाडी न्यायला पुन्हा आलंच नाही. त्याच्या भावाने नेली.

त्यांचा सगळा जीव इथेनॉलमध्ये अडकला होता. उसापासून होणारं ते इंधन ते पुण्याकडच्या एका पंपावरून स्टीलच्या कॅनमधून आणायचे. वास गोडसर, उग्र. रस्त्याने जाणारे म्हातारे नाक वर करून थांबायचे आणि विचारायचे, "मिस्त्री, पैल्या धारंची हाय का?" मिस्त्री म्हणायचे, "हाय. पण ती पिऊन गाडी घरी जाती, तू गटारात जाशील."

इथेनॉलची एक खोड आहे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कॅनचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेत ते बिघडत जातं. हे मला सांगितलेलं होतं, तरी एका श्रावणात माझ्याकडून झाकण उघडं राहिलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कॅनचा वास घेतला. ते झाकण माझ्या डाव्या हातात दिलं. "धर. संध्याकाळपत्तुर सोडायचं न्हाई." दिवसभर मी एका हाताने काम केलं. एका हाताने भाकरी मोडली. चहा आणायला शेजारच्या टपरीवर गेले तेव्हा लोकांनी विचारलं, आणि मिस्त्रींनी गॅरेजातूनच सांगितलं, "नवऱ्यानं सोडलं तवापासून काय बी धरून ठिवायची सवय लागलीय तिला." टपरी हसली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले, झाकण हातात धरूनच. त्यानंतर कधीही, कुठल्याही गोष्टीचं झाकण माझ्याकडून उघडं राहिलेलं नाही. इथे कारखान्यातली सुपरवायझर मला त्याबद्दल शाबासकी देते तेव्हा मला ती टपरी आठवते.

गॅरेजच्या मागे त्यांची स्वतःची गाडी होती. जुन्या काळची चौकोनी गाडी, बाटलीसारखी हिरवी. आतलं सगळं काढून टाकलेलं, एक खुर्ची तेवढी ठेवलेली. शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर, आणि त्यांच्या तोंडांना हवा मिळावी म्हणून बॉनेटला कापलेलं भोक. ती फक्त इथेनॉलवर चालायची. तिला नाव नव्हतं. मिस्त्री तिला "ती" म्हणायचे आणि बायकोला "हे".

मग विक्रमशेठची गाडी आली.

विक्रमशेठ म्हणजे बटाट्याच्या शीतगृहांचा मालक, पस्तिशीचा. त्याने मिस्त्रींकडून आधी तीन गाड्या करून घेतल्या होत्या. चौथ्या वेळी तो विजेची गाडी घेऊन आला. भारीतली, पांढरी, आरशासारखी. ती दारात येऊन उभी राहिली तरी आम्हाला कळलं नाही. मिस्त्री वळले आणि दचकले. त्यांना दचकलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"हिचं बॉनेट उघड," मिस्त्री म्हणाले.

उघडलं. आत रिकामा खोका होता, सामान ठेवायला. मिस्त्री त्यात वाकून बघत राहिले, चोरी झालेल्या घरात बघावं तसे.

"काळीज कुठाय हिचं?"

"खाली, मिस्त्री. पुढं-मागं चाकांपाशी मोटारी, पोटाखाली बॅटरी. बसा की, एक चक्कर मारू."

चक्कर मारून आले. मिस्त्री उतरले, सावकाश कडुलिंबाच्या मागे गेले आणि ओकले. परत येऊन चष्मा पुसला. "गाडी चांगली हाय," एवढंच म्हणाले.

विक्रमशेठला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण दहा-बारा माणसं जमली होती, आणि मिस्त्रींनी आयुष्यभर त्याला "ए बटाटा" म्हटलं होतं.

"आता तुमचं कसं व्हायचं मिस्त्री? पाने-बिने भंगारात घाला. मी तुमाला चार्जिंगवर बसवतो. खुर्ची, पंखा, समदं देतो."

लोक हसले. मिस्त्रीही हसले, ते वाईट होतं.

"घाटात ये," ते म्हणाले. "तीन बाऱ्या. दोन ज्याच्या, त्यो जिंकला. हारलो तर मी पाटी उतरवतो. इंजिनाला पुन्हा हात लावणार न्हाई."

"आन मी हारलो तर?"

"तर एक दिवस या तळेघरच्या शेजारी बसून कार्बोरेटर धुवायचे. सोन्याची अंगठी काढून."

आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीची चढण. खालून झेंडा पडतो, वर घड्याळ थांबतं, आणि प्रत्येक गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घाट मोकळा असतो. यात्रा कमिटीने परवानगी दिली, कारण विक्रमशेठ कमिटीत होता.

पुढचा महिना मिस्त्रींनी मला जे शिकवलं ते इथल्या ट्रेनिंगमध्येही कुणी इतकं सरळ सांगितलं नाही. हातात पाना, डोळे इंजिनात, आणि बोलणं माझ्याशी की स्वतःशी ते कळायचं नाही.

"त्या विजेच्या गाडीला श्वास घ्यावा लागत नाय, ध्यानात ठिव. पाय दाबला की हाय तेवढा जोर एकदम. आपलीला आधी हवा पाहिजे, मंग दाब, मंग ठिणगी. तवर ती गेली. पयली बारी तिचीच."

"मग मिस्त्री?"

"मंग ऊन. चैताचं ऊन. ती जड हाय, पोटाला दगड बांधल्यावानी बॅटरी. चढाला दोनदा जोरात पळवली की आतलं तापतं, आन तिचा कॉम्प्युटर भिऊन जोर आवरता घेतो. आपलीला इथेनॉल लागतं दीडपट, पण ते आत जाता जाता गार करत जातं, आन दाब सोसतं. पेट्रोल एवढ्या दाबाला कवाच फटाफटा फुटलं आसतं. दुसरी बारी आपली. तिसरी बी आपली. फकस्त हवा सोच्छ पाहिजे."

हा माणूस विजेच्या गाडीबद्दल एकदाही खोटं बोलला नाही. तिची निंदा गॅरेजात बसून बाकीचे करायचे, खेळणं म्हणायचे, मिक्सर म्हणायचे. मिस्त्री त्यांना म्हणायचे, "तुज्या बायकूला तू बी मिक्सरवानीच वाटत आसशील. आवाज हाय, काम न्हाई."

यात्रेत गाड्यावर भंडारा उधळतात, हळदीचा. बैलांच्या पाठी पिवळ्या होतात, माणसंही. मिस्त्रींचं घर बौद्ध. त्यांच्यात देवाला भंडारा नसतो. शर्यतीच्या सकाळी घाटाच्या पायथ्याला कुणीतरी परात घेऊन त्यांच्या गाडीकडे आलं, तर त्यांनी हात आडवा केला. "माज्या गाडीवर हळद नको, गुलाल नको, काय नको. हवा पाहिजे नुसती."

परातवाला मागे सरला. पण मागे कुणीतरी म्हणालंच, "आमचा भंडारा चालत नाय व्हय याला?" ते मिस्त्रींनी ऐकलं. मीही ऐकलं. कारण हवेचंच होतं, आणि कारण दुसरंही असेल, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिली बारी त्यांनी सांगितली तशीच झाली. विजेची गाडी गेली ती गेलीच. आवाज नाही, नुसता धुरळा वर चढताना दिसला. माइकवाला म्हणाला, "आरं सुटली का न्हाई सुटली, सुटली आन पोचली बी." दुसऱ्या बारीला ऊन माथ्यावर होतं. पांढरी गाडी अर्ध्या चढाला मंदावली, एखाद्याने मागून धरल्यासारखी, आणि हिरवी तिच्या बाजूने ओरडत वर गेली. लोक उभे राहिले. टोप्या उडाल्या. मी आयुष्यात इतकी खूश झाले नव्हते, लग्नातही नाही.

एक एक झाली. तिसरीवर पाटी.

गाडी खाली आणून लावली. विक्रमशेठ खाली उतरून बॅटरीच्या बाजूला बर्फाच्या गोण्या टाकून घेत होता. मिस्त्री बॉनेट उघडून काहीतरी करत होते, मग बॉनेट मिटून आत बसले. इंजिन चालू होतं. त्यांचा चेहरा मला काचेतून दिसला, आणि तो घाबरलेला होता. मला ते बघवलं नाही.

माझ्या ओढणीच्या टोकाला पुडी होती. आईने तळेघरहून दिलेला, आमच्या गावदेवीचा भंडारा. आमच्यात नांगर काढला तरी लावतात, पोर शाळेत निघालं तरी लावतात. मिस्त्रींनी नको म्हटलं होतं ते लोकांना, असं मी मनाशी धरलं. मी तर त्यांच्या घरचीच. आणि बॉनेटच्या भोकाखाली हवा गाळणारी बारीक जाळी आहे हे मला माहीत होतं, रोज मीच धूत होते. झेंडेवाल्याने हात वर केला. मी पुढे झाले आणि मूठभर भंडारा गाडीवर टाकला.

जाळी नव्हती. शेवटच्या बारीला थोडी जास्त हवा मिळावी म्हणून मिस्त्रींनी ती नुकतीच काढली होती. गाडीच्या दोन उघड्या तोंडांनी माझी मूठ ओढून घेतली. मी ते बघितलं. पिवळा धूर आत जावा तसं ते गेलं. मिस्त्री झेंड्याकडे बघत होते, आणि सगळा घाटही.

झेंडा पडला. हिरवी गाडी निघाली, तीस-चाळीस पावलं नीट गेली, मग खोकायला लागली. त्या आवाजाला मी घाबरत आले होते चार वर्षं. खोकत खोकत चढाच्या मध्यावर गेली आणि बंद पडली. पांढरी गाडी सावकाश, आरामात वर पोचली.

माइकवाल्याला विनोद सुचला. "मिस्त्रींच्या गाडीला जास्त झाली राव. पावण्याला कुणीतरी घरी सोडा." सगळा घाट हसला. मग पोरांनी गाडी ढकलत खाली आणताना, मयताला म्हणतात तसलं काहीतरी म्हटलं, आणि लोक आणखी हसले. मिस्त्री गाडीतच बसून होते, स्टिअरिंग धरून. उतरता आलं असतं. उतरले नाहीत.

विक्रमशेठ आला. "काय झालं मिस्त्री?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. आत बघितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्या ओढणीच्या पिवळ्या टोकाकडे, आणि बॉनेट मिटलं.

"माजं जेट चुकलं," ते म्हणाले. "मोठं घातलं. माजीच चूक." जेट म्हणजे कार्बोरेटरमधली इंधन सोडणारी बारीक तोटी.

आपली चूक झाली असं हा माणूस बायकोलाही कधी म्हणाला नसेल. अख्ख्या यात्रेसमोर म्हणाला. त्यांनी भंडाऱ्याचं नाव घेतलं असतं तर गोष्ट गाडीची राहिली नसती, हे मला आज कळतं. त्यांच्या तोंडून, त्या घाटात, सकाळच्या त्या शब्दांनंतर. आणि माझंही काही राहिलं नसतं. पण त्यांनी नाव घेतलं नाही ते माझ्यासाठी, असं मी कधी म्हणणार नाही. तेवढी माझी लायकी नाही, आणि तेवढे ते गोडही नाहीत.

उन्हं कलायच्या आत गॅरेजची पाटी उतरली. स्वतः शिडीवर चढून उतरवली. मग कार्बोरेटर काढून माझ्यापुढे ठेवले.

"धू."

आत हळदीचा चिखल झाला होता. बारीक भोकं सगळी बुजलेली. मी धूत होते, ते मागे उभे होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "गप." सगळं लख्ख झाल्यावर त्यांनी ते उजेडाला धरून बघितलं, चार वर्षं बघत आले तसंच, आणि नेहमीप्रमाणे एक खोट काढली. "हे भोक राहिलं." मी पुन्हा धुतलं.

मग त्यांनी फोन लावला. त्यांच्या बहिणीचा मुलगा होसूरला होता. माझ्यासमोरच बोलले. "एक बाई पाठीवतो. मंजुळा नाव. सातवी हाय, पण हात बघ तिचं." माझं नाव. त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "उद्यापासनं यायचं न्हाई. जिच्या पोटात हवा जात न्हाई अशी गाडी कर. तुला तीच बरी."

"मिस्त्री, माझं चुकलं, मी..."

"तुजं न्हाई चुकलं. जाळी मी काढली. तू फकस्त मूठ टाकली. आन आता तोंड दाखवू नगो."

इथे कारखान्यात आत जायच्या आधी एका लहान खोलीत उभं राहावं लागतं. चारी बाजूंनी वाऱ्याचे झोत येतात आणि अंगावरची धूळ काढतात. मग टोपी, मोजे, मास्क. आत एक कणही चालत नाही. बाकीच्या बायका त्या झोतात हसतात, केस धरतात. मी ओढणी घालतच नाही आता. तरी दर वेळी तिच्या टोकाच्या जागी हात जातो.

परवा चुलत भावाच्या लग्नाला गावी गेले होते. येताना कळंबला उतरले. गॅरेजच्या जागी चार्जिंग पॉइंट झाला आहे, विक्रमशेठचा. खुर्ची होती, पंखा होता. खुर्चीत मिस्त्री होते. एक कुटुंब गाडी लावून उसाचा रस प्यायला गेलं होतं. मिस्त्रींनी ती जाडजूड केबल उचलली, तोंडाशी धरून फुंकर मारली, फडक्याने पुसली, उजेडाला धरून बघितली, आणि मग लावली. मला बघितलं. चष्मा जाड झालाय, पण ओळखलं.

"गाडी कुठाय?"

"गाडी नाय मिस्त्री. एस्टीनं आले."

"मंग फुढं हो. चालत आलेल्याला चार्जिंग न्हाई."

मागे मोरीजवळ हिरव्या गाडीचं नुसतं बॉनेट पडलं होतं, भोकावर एक विटांची ओळ ठेवलेली. मी आणलेला पेढ्यांचा पुडा खुर्चीजवळ ठेवला. त्यांनी तो पायाने जरा बाजूला सारला, केबलवर येत होता म्हणून. रस पिणारा माणूस परत आला आणि हसत म्हणाला, "काय बाबा, तुमीच का ते, जेट चुकलेले?" मिस्त्री म्हणाले, "हो." मी तिथेच उभी होते, आणि मी गप्प बसले.

मिस्त्री, हे छापून आलं तरी तुम्ही वाचणार नाही, तुम्ही वर्तमानपत्र फक्त हात पुसायला घेता. म्हणून कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल असं धरून लिहिते. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या यात्रेला मी रजा काढून येईन. दुसऱ्या दिवशी घाट मोकळा असतो. त्याच माइकवर, त्याच लोकांसमोर, तळेघरची मंजुळा म्हणून उभी राहीन आणि सांगेन की जेट बरोबर होतं, मूठ माझी होती. मला भीती वाटते, आत्ता लिहितानाही वाटते आहे. तुम्ही सगळ्यांदेखत मला काय म्हणाल तेही मला माहीत आहे. म्हणा. मी सांगून झाल्यावरच खाली उतरेन.